देठावरचा तोतया

पोलंडमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲशची झाडे शेंड्याकडून वाळू लागली. ऐन उन्हाळ्यात, झाड पानांनी गच्च असायला हवे तेव्हा, कोवळ्या फांद्यांची पाने काळी पडून लोंबायची. फांदी खोडाला मिळते तिथल्या सालीवर शंकरपाळ्याच्या आकाराचा तपकिरी चट्टा उमटायचा. चट्टा फांदीभोवती पूर्ण फिरला की वरचा सगळा भाग मरायचा. आधी दोष दुष्काळाला आणि अवेळी पडणाऱ्या हिमाला दिला गेला. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हाच रोग बाल्टिक देश, जर्मनी, स्वीडन, डेन्मार्क आणि ऑस्ट्रियात पोचला. दुष्काळ आणि हिम असे एकाच दिशेने, देशामागून देश ओलांडत जात नाहीत. हे काम कोणत्या तरी जिवाचे होते.

ॲश हे युरोपचे घरचे झाड. आपल्याकडे औताला बाभूळ, तशी तिकडे अवजारांच्या दांड्याला ॲश. कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडे, होड्यांची वल्ही, आयर्लंडच्या 'हर्लिंग' या राष्ट्रीय खेळातल्या काठ्या, सगळे याच चिवट आणि लवचिक लाकडाचे. कुंपणांवर, ओढ्याकाठी, रस्त्यांच्या कडेला कोट्यवधी ॲश उभे आहेत. अशा झाडाला कोण मारते आहे, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात मारेकऱ्याला चार वेळा चार नावे मिळाली आणि त्यांतल्या एका चुकीच्या नावाची किंमत जंगलांना मोजावी लागली.

पहिला धागा सापडला तो २००६ मध्ये. क्राकोव येथील शास्त्रज्ञ तादेउश कोवाल्स्की यांनी मरत्या फांद्यांतून एक बुरशी वेगळी केली आणि ती प्रयोगशाळेत वाढवली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या तंतूंवर सुरईसारख्या लांबट मानेच्या पेशी दिसत होत्या आणि त्या पेशींच्या तोंडातून चिकट, बारीक बीजाणू एकामागून एक बाहेर पडत होते. अशी रचना असलेल्या बुरश्यांचा 'कॅलारा' हा गट आधीपासून माहीत होता. कोवाल्स्कींनी या नव्या जातीला 'कॅलारा फ्रॅक्सिनिआ' असे नाव दिले. ॲशचे शास्त्रीय नाव फ्रॅक्सिनस, म्हणून फ्रॅक्सिनिआ.

मात्र इथे बुरश्यांच्या जगातली एक जुनी अडचण आडवी आली. अनेक बुरश्या दोन रूपांत जगतात. एका रूपात नर-मादी संयोग न होता बीजाणू तयार होतात, तर दुसऱ्या रूपात संयोग होऊन छत्र्या, वाट्या किंवा कुप्या तयार होतात आणि त्यांच्यात बीजाणू भरतात. सुरवंट आणि फुलपाखरू दिसायला जितके वेगळे, तितकीच ही दोन रूपे वेगळी. ती अनेकदा वेगळ्या ऋतूंत आणि वेगळ्या जागी सापडतात. त्यामुळे दीडशे वर्षे वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकाच बुरशीला दोन-दोन नावे दिली आणि नामकरणाच्या नियमांनीही त्याला मान्यता दिली होती. कॅलारा फ्रॅक्सिनिआ हा सुरवंट झाला. फुलपाखरू अजून सापडायचे होते.

ते २००९ मध्ये सापडल्यासारखे वाटले. कोवाल्स्की आणि झुरिकचे ओटमार होल्डनरीडर यांना दिसले की, ही बुरशी आदल्या वर्षी गळून पडलेल्या ॲशच्या पानांच्या देठांवर पांढऱ्या, काही मिलिमीटर रुंदीच्या, देठ असलेल्या बशांसारखी फळे धरते. जंगलातल्या पालापाचोळ्यात अशा बशा युरोपातल्या बुरशी-अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या होत्या. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वर्णन झालेली 'हायमेनोस्कायफस आल्बिडस' ही बुरशी हुबेहूब अशीच. रंग, आकार, बीजाणूंचे माप, राहण्याची जागा, सगळे जुळत होते. निष्कर्ष एकच निघत होता: ॲशला मारणारी बुरशी म्हणजे शंभर-दीडशे वर्षे निमूटपणे पाचोळा कुजवणारी आपली जुनी ओळखीची आल्बिडस.

या निष्कर्षाचा पहिला परिणाम सरकारी कागदांवर झाला. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या रोपवाटिका व्यवसायाने युरोपातून येणाऱ्या ॲशच्या रोपांवर बंदी घालण्याची मागणी केली होती. रोगजंतू देशात नसेल, तर त्याला सीमेवर अडवता येते. पण जो जीव देशात सर्वत्र आधीपासून आहे, त्याच्या नावाने आयात थांबवायला कायद्यात आधार नसतो. आल्बिडस तर ब्रिटनच्या रानारानांत होती, म्हणून रोपे येत राहिली.

फेब्रुवारी २०१२ मध्ये बकिंगहॅमशायरच्या एका रोपवाटिकेत नेदरलँड्समधून आलेल्या रोपांवर रोग आढळला. ऑक्टोबरमध्ये नॉरफॉकच्या जुन्या रानात, कोणी न लावलेल्या, आपसूक उगवलेल्या झाडांवर तो दिसला. बंदी आली ती २९ ऑक्टोबर २०१२ रोजी. या बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर समुद्र ओलांडू शकतात, त्यामुळे आधी बंदी घातली असती तरी ब्रिटन कायमचा वाचला असता असे नाही. पण रोगट रोपे ट्रकमध्ये भरून देशभर पोचवली गेली, ती तरी टळली असती.

दरम्यान झुरिकमध्ये वालेंतां केलोझ आणि त्यांचे सहकारी त्या पांढऱ्या बशांकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. डोळ्यांना जे सारखे दिसते ते रक्तानेही सारखे आहे का, हा त्यांचा प्रश्न होता. निरोगी आणि रोगट अशा दोन्ही प्रकारच्या रानांतून त्यांनी नमुने घेतले, डीएनए काढला आणि जनुकसंचातल्या तीन वेगवेगळ्या जागा वाचून ताडून पाहिल्या. नमुने सरळ दोन गटांत विभागले गेले. तीनही जागा तोच कौल देत होत्या आणि दोन गटांमध्ये कसलीही देवाणघेवाण झाल्याची खूण नव्हती. म्हणजे या दोन वेगळ्या जाती होत्या. झाडांना मारणारी बुरशी दोहोंतली एकच. दुसरी, म्हणजे खरी आल्बिडस, निर्दोष होती. मारेकरी बुरशीला केलोझ यांच्या गटाने 'हायमेनोस्कायफस सूडोआल्बिडस' असे नाव दिले. त्याचा अर्थच मुळी 'खोटी आल्बिडस'. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा तोतया प्रकटला, त्याची पुण्यात चौकशी झाली, ही गोष्ट मराठी माणसाला ठाऊक आहे. या बुरशीसाठी 'तोतया' याहून नेमका शब्द मराठीत नाही.

तोतया आला कुठून? याचे उत्तर जपानमध्ये मिळाले. तिथे मांचुरियन ॲश या भाऊबंद झाडाच्या गळलेल्या देठांवर अशीच एक बुरशी वेगळ्या नावाने नोंदलेली होती. त्सुयोशी होसोया आणि सहकाऱ्यांनी तिचा डीएनए ताडून पाहिला तेव्हा ती हीच निघाली. पूर्व आशियात ती झाडाच्या पानांत राहते आणि झाड बहुधा धडधाकट असते. हजारो वर्षांच्या सहवासात दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले आहे. युरोपातल्या ॲशला मात्र हा सहवास कधी मिळाला नव्हता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासाने आणखी एक धक्का दिला. युरोपभर पसरलेली सगळी साथ या बुरशीच्या अवघ्या दोन पूर्वजांपासून सुरू झाली होती.

आता नावाचा शेवटचा फेरा. २०११ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने 'एक बुरशी, एक नाव' असा निर्णय केला. दोन रूपांना दोन नावे ठेवण्याची जुनी पद्धत बंद झाली. मग सूडोआल्बिडस आणि फ्रॅक्सिनिआ यांपैकी कोणते नाव ठेवायचे? जे आधी दिले गेले ते, म्हणजे २००६ चे. २०१४ मध्ये बाराल, केलोझ आणि होसोया यांनी बुरशीला आजचे नाव दिले, 'हायमेनोस्कायफस फ्रॅक्सिनिअस'.

या शोधाचे सगळे श्रेय डीएनएला देऊन मोकळे झाले तर अर्धी गोष्ट हरवेल. डीएनएने सांगितले की या दोन जाती आहेत. त्यानंतर अभ्यासक पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळले आणि अधिक बारकाईने पाहू लागले. या बुरश्यांचे बीजाणू लांबट पिशव्यांत आठ-आठच्या संख्येने तयार होतात. फ्रॅक्सिनिअसमध्ये पिशवी जिथून उगवते त्या बुडाशी एक बारीक आकडी असते, आल्बिडसमध्ये ती नसते. हा फरक कायम तिथेच होता. त्याकडे पाहायचे कारण कोणाला नव्हते, ते डीएनएने दिले. आज चांगला सूक्ष्मदर्शक आणि सराव असलेला माणूस ताज्या बशीचा पातळ काप घेऊन आकडीवरून बुरशी ओळखू शकतो.

डोळा आणि जनुक यांची ही जोडी नीट समजण्यासाठी प्रयोगशाळेतला क्रम पाहायला हवा. रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेवरचा लाकडाचा तुकडा घेतात, कारण पूर्ण मेलेल्या भागात नंतर घुसलेल्या पाचोळ्याच्या बुरश्यांचीच गर्दी असते. तुकडा वरून निर्जंतुक करून काचेच्या बशीत आगरवर ठेवतात. वाढलेल्या बुरशीचा रंग, वाढण्याचा वेग, तंतूंची रचना, बीजाणूंचा आकार आणि माप नोंदवतात. याला आकारविज्ञान म्हणतात. मग त्याच बुरशीचा चिमूटभर भाग घेऊन डीएनए काढतात आणि त्याच्या एका ठरावीक तुकड्याच्या पीसीआर या तंत्राने लाखो प्रती करतात.

तो तुकडा म्हणजे आयटीएस. पेशीतले प्रथिनांचे कारखाने उभे करणाऱ्या जनुकांच्या मध्ये हा साधारण पाच-सहाशे अक्षरांचा पट्टा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंची जनुके जवळपास सगळ्या बुरश्यांत सारखी, त्यामुळे एकच किल्ली सगळीकडे चालते. मधला पट्टा मात्र जातीगणिक बदलतो. म्हणून २०१२ मध्ये बुरश्यांची अधिकृत ओळखपट्टी म्हणून त्याची निवड झाली. दुकानातल्या वस्तूवर बारकोड असतो तसाच हा. शेवटची पायरी जुनीच आहे. शुद्ध बुरशी निरोगी रोपाला टोचायची, तोच रोग होतो का पाहायचे आणि रोपातून तीच बुरशी परत मिळवायची. याशिवाय बुरशीवर आरोप सिद्ध होत नाही, कारण मेलेल्या झाडावर सापडलेली प्रत्येक बुरशी मारेकरी नसते.

बारकोड असूनही चुका होतात. डीएनएच्या सार्वजनिक संग्रहांत चुकीच्या नावाने जमा झालेल्या नोंदी आहेत आणि नवा नमुना त्यांच्याशी जुळला की चूक पुढे जाते. म्हणून ज्या वाळलेल्या नमुन्यावरून जातीचे पहिले वर्णन झाले, तो प्रमाण नमुना संग्रहालयात जपलेला असणे फार मोलाचे. नावाची खूणगाठ शेवटी त्या नमुन्याशी बांधलेली असते.

ॲशच्या आधी एल्म या झाडाने हाच धडा दिला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात पश्चिम युरोपात एल्मची झाडे सुकू लागली. नेदरलँड्समध्ये योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत बेआ श्वार्त्स यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यामागची बुरशी शोधली. तिचे लैंगिक रूप क्रिस्टीन बाउस्मन यांनी १९३२ मध्ये शोधले. वनस्पतिरोगशास्त्रातले हे पायाभूत काम प्रामुख्याने स्त्रियांनी केले, हे आवर्जून सांगायला हवे. साथ काही दशकांनी मंदावली आणि लोकांना वाटले की झाडे टिकली.

मग १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये एल्म पुन्हा मरू लागले, या वेळी अधिक झपाट्याने. उत्तर अमेरिकेतून आलेल्या ओंडक्यांबरोबर रोग आला होता. ही तीच जुनी बुरशी असे गृहीत धरले गेले, पण बुरशी-अभ्यासक क्लाइव्ह ब्रेझियर यांनी दोन्ही साथींतल्या बुरश्या बशीत शेजारी-शेजारी वाढवून पाहिल्या. नवी बुरशी २० अंश सेल्सियसच्या आसपास जोमाने वाढत होती. जुनीला त्याहून बरेच उबदार हवामान मानवत होते. बशीतल्या वसाहतीचा पोतही निराळा होता. पुढे जनुकीय पुराव्याने हे पक्के झाले आणि १९९१ मध्ये ब्रेझियर यांनी नवीला 'ऑफिओस्टोमा नोव्हो-अल्मी' हे स्वतंत्र नाव दिले. तोवर एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून अधिक एल्म गेले होते.

या कथेचा एक धागा भारतात येतो. ब्रेझियर आणि भारतीय शास्त्रज्ञ एम. डी. मेहरोत्रा यांनी १९९५ मध्ये पश्चिम हिमालयातल्या एल्मवरून याच कुटुंबातली तिसरी जात नोंदवली, 'ऑफिओस्टोमा हिमाल-अल्मी'. हिमालयातली झाडे तिच्यासह जगत होती. तिथे साथ नव्हती. युरोपच्या एल्मवर प्रयोग केला तेव्हा मात्र ती घातक ठरली. मांचुरियन ॲशच्या कहाणीसारखाच हा प्रकार. आपल्या जागी निरुपद्रवी असलेली बुरशी झाडांच्या व्यापारातून परक्या मुलखात गेली की मारेकरी होऊ शकते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हा विषय आंबा, डाळिंब आणि सुपारीच्या बागेतून थेट घरात येतो. आंब्याच्या मोहोरावर आणि फळावर काळे डाग पाडणाऱ्या करप्याचे कारण म्हणून पुस्तकांत कित्येक दशके एकच नाव छापले गेले, 'कोलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइड्स'. १९५७ मध्ये बुरशी-अभ्यासक फोन आर्क्स यांनी दिसण्यात फरक सापडत नाही म्हणून सुमारे सहाशे नावे या एका नावाखाली आणली. त्या काळच्या साधनांनी ते योग्यच होते. २०१२ मध्ये अनेक जनुके एकत्र वाचून झालेल्या अभ्यासात त्या एका नावाखाली बावीस जाती निघाल्या. इथे एकटा आयटीएस पुरला नाही, चार-पाच जनुकांची साक्ष घ्यावी लागली. भारतातल्या आंब्यांवरही करपा आणणाऱ्या एकापेक्षा अधिक जाती आढळल्या आहेत. एखादे औषध एका बागेत लागू पडते आणि शेजारच्या बागेत पडत नाही, याचे एक कारण इथे असू शकते.

सोलापूर, सांगोला, नाशिक भागांतला डाळिंब उत्पादक 'मर' या शब्दाला घाबरतो. हिरवे झाड एका फांदीपासून पिवळे पडत जाते आणि उभे वाळते. खोड आडवे कापले तर आत करड्या-तपकिरी रेषा दिसतात. याचे मुख्य कारण 'सिरॅटोसिस्टिस फिम्ब्रिॲटा' ही बुरशी. तिच्या कुपीच्या लांब मानेच्या टोकाशी बारीक केसांची झालर असते. लॅटिनमध्ये झालरीला 'फिम्ब्रिया' म्हणतात, नाव त्यावरून पडले. ती शोधण्याची युक्तीही घरगुती आहे. संशयित लाकडाची चकती गाजराच्या दोन कापांमध्ये ठेवायची. बुरशी असेल तर काही दिवसांत गाजरावर ती झालरवाली कुपी उगवते. पण डाळिंब फ्युजेरियम या दुसऱ्या बुरशीनेही मरते, मुळांवरच्या सूत्रकृमींनी आणि खोडकिडीनेही मरते. वरून सगळ्यांना 'मर'च म्हणतात. कारण न ओळखता ओतलेले औषध पैशांचा आणि मातीचा नाश करते.

सुपारीच्या कोळेरोगाचे कारण तर बुरशीच नाही. पावसाळ्यात कोकण-गोव्यातल्या बागांत कोवळी सुपारी सडवून गाळणारा फायटोप्थोरा पूर्वी बुरश्यांत गणला जाई, कारण तो तंतूंनी वाढतो आणि बीजाणूंनी पसरतो. डीएनएने त्याची जागा समुद्रातल्या तपकिरी शैवालांच्या जवळ दाखवली. त्याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असते, खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन. हा भेद शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे. कार्बेन्डाझिमसारखे खऱ्या बुरश्यांवर चालणारे औषध फायटोप्थोरावर चालत नाही, तर मेटॅलॅक्झिल नेमके त्याच्यावर चालते. पावसाआधी बोर्डो मिश्रण फवारण्याची बागाईतदारांची पद्धत मात्र अजूनही उपयोगी आहे.

हे ज्ञान जिथे साठते अशा जागा आपल्याजवळ आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जिवंत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. वाळलेल्या नमुन्यांचे तिथले संग्रहालय भारतीय बुरशीशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक असलेल्या आजरेकरांच्या नावाने ओळखले जाते. पश्चिम घाटातल्या बुरश्यांच्या अनेक जाती अशा संग्रहांतल्या नमुन्यांवरूनच जगाला माहीत झाल्या. अशा संग्रहांना जागा, पैसा आणि सूक्ष्मदर्शकावर बसणारी तरुण माणसे मिळायला हवीत. डीएनए वाचणारी यंत्रे विकत घेता येतात. बीजाणू पाहून जात सांगणारा माणूस तयार व्हायला दहा वर्षे लागतात.

युरोपात आता ॲशमधली थोडीशी झाडे रोगाला दाद देत नाहीत असे दिसले आहे आणि त्यांच्यापासून नवी रोपे तयार करण्याचे काम सुरू आहे. बिचारी आल्बिडस मात्र मागे पडली. डेन्मार्कमध्ये ती पूर्वी जिथे सापडे तिथे शोधूनही मिळाली नाही. देठ तेच आहेत, जागा तोतयाने घेतली आहे.

आपल्या बागेतले झाड वाळू लागले तर कुठल्याही औषधाची बाटली उघडण्याआधी एक काम करावे. रोगट आणि निरोगी भाग जिथे मिळतात तिथला तुकडा कापावा. तो प्लास्टिकऐवजी कागदाच्या पिशवीत ठेवावा, वर गाव, तारीख आणि झाडाची जात लिहावी आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, दापोली किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा डाळिंब असेल तर सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात न्यावा. दूरच्या रोपवाटिकेतून रोपे आणताना मुळांची माती आणि खोडावरचे डाग आधी तपासावेत, आणि शंका आली तर ती रोपे बागेत उतरवूच नयेत.